ब्राइट स्कॉलर: चीनमधील एका खासगी शाळा-समूहाची वाढ आणि फेररचना – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा चालवणारी संस्था आणि त्या शाळेच्या उत्पन्नावर उभी राहिलेली कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना जोडणारा धागा जेव्हा केवळ कागदी करारांचा असतो, तेव्हा तो किती सहज तुटू शकतो, हे ब्राइट स्कॉलर या चिनी समूहाच्या वाटचालीतून जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. या समूहाविषयी, त्याच्या शेअर बाजारातील प्रवेशाविषयी आणि २०२१ च्या फेररचनेविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

ब्राइट स्कॉलर हा समूह कोणता आणि तो कोणाचा?

ब्राइट स्कॉलर एज्युकेशन होल्डिंग्ज या कंपनीचे मूळ दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात, फोशान शहराच्या शुंदे भागातील बेइजिआव येथे आहे. तेथे १९९४ मध्ये ग्वांगडोंग कंट्री गार्डन स्कूल ही निवासी शाळा सुरू झाली. कंट्री गार्डन हे नाव बांधकाम क्षेत्रातले आहे. यांग ग्वोचियांग यांनी उभी केलेली ही कंपनी पुढे विक्रीच्या आकड्यांनुसार चीनमधील सर्वांत मोठ्या गृहबांधणी कंपन्यांपैकी एक झाली. शाळांचा व्यवसाय मात्र कायद्याने स्वतंत्र ठेवला गेला. त्याचे नियंत्रण यांग कुटुंबाकडे, विशेषतः ग्वोचियांग यांची कन्या यांग हुईयान यांच्याकडे राहिले. कंट्री गार्डनने ब्राइट स्कॉलरची मालकी घेतली असे समजणे चुकीचे आहे. दोन्हींचे मालक एकाच घरातले होते आणि दोन्हींची वाढ एकमेकांच्या आधाराने झाली, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

बांधकाम कंपनीच्या मालकाला शाळा काढावीशी का वाटली?

घरे विकली जात नव्हती, हे याचे साधे उत्तर आहे. १९९२ मध्ये चीनमध्ये जमिनी आणि इमारतींचा मोठा भडका उडाला होता. १९९३ च्या मध्यावर बीजिंगने कर्जपुरवठा आवळला आणि शहरांपासून दूर, शेतजमिनीवर बांधलेले बंगले तसेच पडून राहिले. यांग ग्वोचियांग तेव्हा मुख्यतः बांधकामाचे ठेकेदार होते. बेइजिआवच्या प्रकल्पात त्यांच्या कामाचे पैसे अडकले आणि ते वसूल करण्यासाठी घरे विकण्याची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली. शिन्हुआ वृत्तसंस्थेतील माजी पत्रकार वांग झिगांग यांच्या सल्ल्याने तेथे आधी एक नामवंत शाळा उभी करण्याचे ठरले. बीजिंगच्या प्रसिद्ध जिंगशान शाळेशी सहकार्य करण्यात आले, म्हणजे नव्या शाळेला पहिल्याच दिवशी जुने नाव मिळाले.

त्या काळी पर्ल नदीच्या खोऱ्यात नव्याने पैसा आलेले अनेक लहान उद्योजक होते. त्यांचा दिवस कारखान्यात जात असे, स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिलेले असे, आणि मुलांना चांगल्या शाळेत घालण्याची इच्छा तीव्र होती. मुले निवासी शाळेत आली की पालकही तिकडे फिरकतात, परिसर पाहतात आणि त्यातले काही घर घेतात, हा हिशेब बरोबर निघाला. पुढे चीनमध्ये असंख्य बांधकाम व्यावसायिकांनी तोच कित्ता गिरवला.

‘शिक्षण ठेव’ ही काय पद्धत होती?

नव्वदच्या दशकात ग्वांगडोंगमधील अनेक खासगी शाळा दरवर्षी मोठे शुल्क घेण्याऐवजी प्रवेशाच्या वेळी पालकांकडून एकरकमी ठेव घेत. ही रक्कम लाखांच्या घरात असे. कंट्री गार्डनच्या शाळेच्या संदर्भात सुमारे ३ लाख युआनचा आकडा सांगितला जातो. मूल शाळा सोडून गेले की ठेव बिनव्याजी परत करायची आणि मधल्या वर्षांतील व्याजावर शाळा चालवायची, अशी ही योजना होती.

ती कशी चालली आणि का कोसळली, हे व्याजदर पाहिल्यावर लगेच कळते. जुलै १९९३ पासून चीनमध्ये एक वर्षाच्या बँक ठेवीवर १०.९८ टक्के व्याज मिळत होते. म्हणजे ३ लाख युआनवर वर्षाला जवळपास ३३ हजार युआन हाती येत आणि एका निवासी विद्यार्थ्याचा खर्च त्यातून निघे. १९९६ पासून दर एकामागून एक उतरत गेले आणि जून १९९९ मध्ये ते २.२५ टक्क्यांवर आले. तेवढ्याच ठेवीवर आता ७ हजार युआनसुद्धा मिळेनात. ज्या शाळांनी ही ठेव बँकेत न ठेवता इमारतींत किंवा इतर धंद्यांत घातली होती, त्यांच्यावर तर पालकांचे पैसे परत करण्याचीच पंचाईत आली. अनेक शाळा त्यात बुडाल्या. कंट्री गार्डनची शाळा टिकली, कारण तिच्यामागे घरविक्रीचा भरभक्कम व्यवसाय उभा राहिला होता. आरंभकाळातील हा प्रसंग विसरू नये असे मला वाटते. शाळेचे अर्थकारण वर्गाबाहेरच्या एखाद्या घटकावर बेतले की त्या घटकाबरोबर शाळाही हेलकावे खाते, आणि या समूहाच्या बाबतीत हे पुढे पुन्हा घडले.

शाळांची संख्या एवढी कशी वाढली?

कंट्री गार्डनच्या वसाहती जशा एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात पसरल्या, तशा शाळा आणि बालवाड्या त्यांच्यामागून गेल्या. नवी शाळा काढताना सर्वांत अवघड असते ती जमीन, आणि त्यानंतर अवघड असतात विद्यार्थी. येथे जमीन व इमारत वसाहतीच्या नियोजनातूनच मिळत होती आणि विद्यार्थी आजूबाजूच्या सदनिकांमध्ये राहायला येत होते.

शाळेचा खर्च मात्र पहिल्या दिवसापासून जवळपास पूर्ण असतो. वर्ग भरत जायला अनेक वर्षे लागतात, कारण सहसा खालच्या इयत्ता आधी भरतात आणि तीच मुले वर सरकत जातात. म्हणून ज्या समूहाकडे एकाच वेळी जुन्या भरलेल्या आणि नव्या अर्ध्या रिकाम्या शाळा असतात, त्याच्या नफ्यात पुढील काही वर्षांची वाढ जणू आधीच दडलेली असते. गुंतवणूकदारांना याच गोष्टीचे आकर्षण वाटले. २०१७ मध्ये भांडवली बाजारात येताना समूहाकडे पन्नासच्या आसपास शाळा होत्या. त्यांतील बहुसंख्य बालवाड्या होत्या, उरलेल्या द्विभाषिक शाळा होत्या, आणि परदेशी विद्यापीठांची तयारी करून घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळा थोड्या होत्या.

शाळा नफा वाटू शकत नसताना कंपनी शेअर बाजारात आलीच कशी?

हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. चिनी कायद्यानुसार सक्तीच्या शिक्षणाच्या टप्प्यातील, म्हणजे साधारण ६ ते १५ वर्षे वयाच्या मुलांच्या शाळांत परदेशी भांडवलाला मालकी घेता येत नव्हती. तेव्हा मालकी न घेता मालकीचे फायदे मिळवण्याची एक रचना वापरण्यात आली. चिनी इंटरनेट कंपन्यांनी ती आधीच रूढ केली होती.

सर्वांत वर केमन बेटांवर नोंदलेली कंपनी होती आणि न्यूयॉर्कच्या बाजारात तिचेच समभाग विकले गेले. तिच्या खाली, मधल्या कंपन्यांमार्फत, चीनमध्ये झुहाई येथे नोंदलेली पूर्ण परदेशी मालकीची एक सल्लागार कंपनी होती. शाळा मात्र एका चिनी कंपनीच्या नावावर होत्या आणि त्या कंपनीचे भागधारक चिनी नागरिक होते. सल्लागार कंपनी आणि शाळा यांच्यात मालकीचा कोणताही दुवा नव्हता. दुवा होता तो करारांचा. एका करारानुसार शाळांनी सल्ला, अभ्यासक्रम, व्यवस्थापन अशा सेवा केवळ याच कंपनीकडून घ्यायच्या आणि त्यांचे शुल्क भरायचे, म्हणजेच शाळेची शिल्लक सेवाशुल्काच्या रूपाने वर जायची. चिनी भागधारकांनी आपले मतदानाचे हक्क मुखत्यारपत्राने सल्लागार कंपनीला दिले होते आणि आपले समभाग तिच्याकडे तारण ठेवले होते. कायद्याने परवानगी दिल्यास ते समभाग विकत घेण्याचा हक्कही त्याच कंपनीला आधीच देऊन ठेवला होता.

लेखाशास्त्राच्या दृष्टीने एवढे पुरेसे होते. एखाद्या संस्थेचे निर्णय कोण घेते आणि नफा-तोटा कोणाच्या पदरात पडतो, हे पाहून ती संस्था कोणाच्या ताळेबंदात धरायची हे ठरते. त्यामुळे शाळांचे सर्व शुल्क, सर्व खर्च आणि सर्व मालमत्ता केमन कंपनीच्या एकत्रित हिशेबात दिसू लागली.

मग न्यूयॉर्कमधील गुंतवणूकदाराने नेमके काय विकत घेतले?

त्याने शाळा विकत घेतली नाही, शाळेच्या इमारतीतला वाटाही घेतला नाही. करारांच्या एका साखळीतून मिळू शकणाऱ्या पैशांवर हक्क सांगणाऱ्या केमन कंपनीत त्याने वाटा घेतला. चीनचे न्यायालय किंवा सरकार हे करार मान्य करीलच असे नाही, हा इशारा विक्रीच्या माहितीपत्रकात स्पष्ट शब्दांत दिलेला असे. अशा माहितीपत्रकांतील धोक्यांची प्रकरणे लांबलचक असतात आणि बहुतेक जण ती चाळून पुढे जातात. या बाबतीत मात्र साऱ्या व्यवहाराचे भवितव्य त्याच पानांवर लिहिलेले होते.

बाजारातील प्रवेश कसा झाला?

१८ मे २०१७ रोजी न्यूयॉर्क शेअर बाजारात कंपनीच्या ठेवपावत्यांचा, म्हणजे परदेशी कंपनीच्या समभागांच्या बदल्यात अमेरिकी बाजारात विकल्या जाणाऱ्या पावत्यांचा, व्यवहार सुरू झाला. प्रत्येकी १०.५० डॉलर दराने दीड कोटी पावत्या विकून सुमारे १५.७५ कोटी डॉलर उभे राहिले. २०१८ च्या सुरुवातीला कंपनीने पुन्हा पावत्या विकल्या तेव्हा दर १९ डॉलर होता. वर्षभराच्या आतच बाजार या व्यवसायाची किंमत किती वाढवून धरू लागला होता, हे त्यावरून दिसते. समभागांचे दोन वर्ग असल्याने आणि एका वर्गाला प्रत्येक समभागामागे अनेक मते असल्याने नियंत्रण यांग कुटुंबाकडेच राहिले.

असे इतर समूहही होते का?

होते, आणि बरेच होते. दालियान शहरात १९९५ मध्ये सुरू झालेला आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा अभ्यासक्रम चीनमध्ये शिकवणारा मेपल लीफ हा समूह नोव्हेंबर २०१४ मध्ये हाँगकाँगच्या बाजारात आला. चेंगदूचा व्हर्सेंड २०१६ मध्ये, तर सिचुआन प्रांतातलाच तियानली २०१८ मध्ये तेथे आला. अभ्यासक्रम आणि शुल्क वेगवेगळे असले तरी करारांची घडण सर्वांची जवळपास सारखी होती. एका नियमाने सगळ्यांना एकाच वेळी तडाखा बसला तो याच कारणाने.

सरकारने आधी काही सूचना दिली नव्हती का?

दिली होती, एकदा नव्हे तर निदान तीनदा. ७ नोव्हेंबर २०१६ रोजी खासगी शिक्षण प्रोत्साहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाली. तिने संस्थाचालकांना नफ्यासाठी चालणारी आणि ना-नफा अशा दोन प्रकारांतून निवड करण्याची मुभा दिली, पण सक्तीच्या शिक्षणाच्या टप्प्यात नफ्यासाठी शाळा काढता येणार नाही, असे स्पष्ट केले. ब्राइट स्कॉलर बाजारात आली तेव्हा ही दुरुस्ती मंजूर झालेली होती. ना-नफा शाळेची शिल्लक सेवाशुल्क म्हणून काढून घेता येईल का, एवढाच प्रश्न मोकळा राहिला होता आणि बाजाराने त्याचे उत्तर होकारार्थी धरले.

ऑगस्ट २०१८ मध्ये न्याय मंत्रालयाने कायद्याच्या अंमलबजावणी नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. शाळा-समूहांनी विलीनीकरण किंवा करारांच्या वाटेने ना-नफा शाळांवर ताबा मिळवू नये, अशी तरतूद त्याच्या बाराव्या कलमात होती. हाँगकाँगमधील शिक्षण कंपन्यांचे समभाग त्यानंतर जोरात आपटले. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला बालशिक्षणाविषयीचा धोरणात्मक दस्तऐवज जाहीर झाला आणि खासगी बालवाड्यांना शेअर बाजाराची दारे बंद झाली. न्यूयॉर्कमध्ये नोंदलेल्या आरवायबी या बालवाडी कंपनीची किंमत एका दिवसात निम्म्याहून अधिक उतरली. बालवाड्या मोठ्या संख्येने असल्याने ब्राइट स्कॉलरलाही याची झळ पोहोचली.

कंपनीने इंग्लंडमधील शाळा का विकत घेतल्या?

वरच्या उत्तरातील तारखा पाहिल्या म्हणजे कारण कळते. चीनमध्ये नव्या शाळा विकत घेण्याची वाट अरुंद होत असताना हाती रोख रक्कम होती आणि परदेशात शाळांची मालकी सरळ, कराराच्या आडवाटेशिवाय घेता येत होती. डिसेंबर २०१८ मध्ये बोर्नमथ कॉलेजिएट स्कूल ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील शाळा समूहाकडे आली. त्यानंतर आणखी काही ब्रिटिश शाळा आल्या. २०१९ मध्ये सर्वांत मोठी खरेदी झाली ती कॅट्स कॉलेजेसची, १५ कोटी पौंडांना. केंब्रिज, लंडन आणि कँटरबरी येथील महाविद्यालये, अमेरिकेतील बॉस्टनची शाखा, केंब्रिजमधील कला विद्यालय आणि इंग्रजी भाषेच्या शाळा त्यात होत्या.

त्याच सुमारास कंपनीने ७.४५ टक्के व्याजाचे ३० कोटी डॉलरचे कर्जरोखे विकले. त्यांची परतफेड २०२२ मध्ये करायची होती. चिनी मुलांनी चीनमध्ये शाळा शिकावी आणि पुढे समूहाच्याच ब्रिटिश महाविद्यालयांतून विद्यापीठाकडे जावे, ही त्यामागची कल्पना सुसंगत होती. परंतु काही महिन्यांतच करोनाची साथ आली आणि परदेशी विद्यार्थ्यांवर विसंबलेल्या निवासी महाविद्यालयांना तिचा सर्वांत मोठा फटका बसला.

२०२१ च्या नियमावलीत असे काय होते?

प्रधानमंत्री ली कच्यांग यांच्या सहीची सुधारित अंमलबजावणी नियमावली १४ मे २०२१ रोजी प्रसिद्ध झाली आणि १ सप्टेंबरपासून लागू झाली. तिच्या दोन कलमांनी सारा डाव बदलला.

तेरावे कलम सांगते की, सक्तीच्या शिक्षणाच्या खासगी शाळा आणि ना-नफा बालवाड्या यांच्यावर कोणत्याही संस्थेला किंवा व्यक्तीला विलीनीकरण वा करार यांच्या मार्गाने ताबा ठेवता येणार नाही. २०१८ च्या मसुद्याच्या तुलनेत एका बाबतीत ही तरतूद सौम्य होती. मसुद्याचा रोख सर्व ना-नफा शाळांवर होता, तर अंतिम नियमाने उच्च माध्यमिक आणि त्यापुढील शिक्षण या बंदीतून वगळले. जे समूह नंतर तगले, ते या फटीमुळे तगले. पंचेचाळिसावे कलम संबंधित पक्षांशी होणाऱ्या व्यवहारांविषयी आहे आणि सक्तीच्या शिक्षणाच्या शाळांना ते असे व्यवहार करण्यास सरळ मनाई करते. त्यामुळे सल्लागार कंपनीला दिले जाणारे सेवाशुल्क तर गेलेच, पण भगिनी कंपनीकडून जेवण, गणवेश किंवा अभ्यासक्रम घेण्याचीही सोय उरली नाही. पहिल्या कलमाने ताबा काढून घेतला आणि दुसऱ्याने पैशाची वाहिनी बंद केली. यांपैकी एकच कलम आले असते, तर वकिलांनी कदाचित वळसा शोधला असता.

खासगी शिकवण्यांवरील बंदी आणि ही नियमावली एकच का?

नाही, पण दोन्हींची नेहमी गल्लत होते. शिकवणी वर्गांना नफा कमावण्यास बंदी घालणारा, मुलांवरील गृहपाठ आणि शिकवण्या यांचा ‘दुहेरी भार कमी’ करण्याचा आदेश २४ जुलै २०२१ रोजी आला. शिकवणी कंपन्यांच्या कोसळण्याची बातमी जगभर गाजली आणि तिच्या गदारोळात शाळांविषयीची नियमावली झाकोळली गेली. ज्या पालकांची मुले रोज त्या शाळांत जात होती, त्यांच्या दृष्टीने मात्र शाळांची नियमावलीच अधिक दूरगामी होती.

३१ ऑगस्ट २०२१ रोजी कंपनीने शाळांवरील ‘नियंत्रण गमावले’, म्हणजे काय झाले?

ब्राइट स्कॉलरचे आर्थिक वर्ष ३१ ऑगस्टला संपते आणि नियमावली १ सप्टेंबरला लागू होणार होती. त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या दिवशीच ज्या शाळांवर बंदी लागू होत होती त्या ‘बाधित संस्था’ म्हणून वेगळ्या काढल्या गेल्या आणि एकत्रित हिशेबातून वगळल्या गेल्या. मेपल लीफचे वर्षही त्याच तारखेला संपत असल्याने त्यांच्या हिशेबातही तसेच घडले.

येथे विक्री झाली नव्हती. कोणी खरेदीदार आला नव्हता, रक्कम मिळाली नव्हती, सरकारने नुकसानभरपाई दिली नव्हती. शाळांची नोंदणी पूर्वी ज्या चिनी संस्थाचालकांच्या नावावर होती, त्यांच्याच नावावर ती राहिली. बदलले ते एवढेच की, त्या शाळांकडून उत्पन्न घेण्याचा आणि त्यांच्याबाबत निर्णय करण्याचा हक्क सूचीबद्ध कंपनीकडे आहे, असे लेखापालांना यापुढे म्हणता येईना. तेवढ्यावरून समूहाच्या चीनमधील व्यवसायाचा गाभा ताळेबंदातून बाहेर गेला. आधीच्या वर्षांची तुलना करता यावी म्हणून त्या शाळांचे जुने उत्पन्न ‘बंद झालेले व्यवसाय’ या शीर्षकाखाली वेगळे दाखवावे लागले, आणि त्यामुळे जुने व नवे अहवाल शेजारी ठेवून वाचणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो. २०१९-२० पर्यंतची वाढ आणि २०२१ नंतरचे आकडे एकाच आलेखावर मांडणे दिशाभूल करणारे आहे, कारण ते दोन निराळ्या कंपन्यांचे आकडे आहेत.

मग मुलांचे आणि शिक्षकांचे काय झाले?

१ सप्टेंबर २०२१ रोजी चीनमध्ये नवे शैक्षणिक वर्ष नेहमीप्रमाणे सुरू झाले. न्यूयॉर्कमध्ये जी शाळा हिशेबातून नाहीशी झाली होती, तिच्या वर्गात मुले आदल्या वर्षीसारखीच येऊन बसली. सारा बदल मालकीच्या कागदांत झाला होता आणि वर्गात त्याची चाहूलही लागली नसेल, ही मला या प्रकरणातील सर्वांत समाधानाची बाब वाटते.

दीर्घकाळात बदल झाले, पण ते शाळाविषयक व्यापक धोरणामुळे. सक्तीच्या शिक्षणाच्या टप्प्यात परदेशी पाठ्यपुस्तकांना मनाई झाली. सरकारी व खासगी शाळांचे प्रवेश एकाच वेळी, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त असतील तेथे सोडत काढून होऊ लागले. त्यामुळे प्रवेश परीक्षा घेऊन हुशार मुले निवडण्याचे खासगी शाळांचे जुने हत्यार गेले. अनेक प्रांतांनी या टप्प्यातील खासगी शाळांत शिकणाऱ्या मुलांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आणण्याचे उद्दिष्ट ठरवले आणि काही खासगी शाळा सरकारी झाल्या.

उरलेली कंपनी कशावर चालली?

परदेशातील शाळा, नफ्यासाठी चालवता येणाऱ्या बालवाड्या, उच्च माध्यमिक टप्प्याशी निगडित सेवा, परदेशी शिक्षणाचा सल्ला आणि सहली-शिबिरे यांवर. यांपैकी बालवाड्यांना आणखी एका संकटाने गाठले. चीनमध्ये २०१६ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख बालके जन्मली होती, २०२३ मध्ये ९० लाख २० हजार. कोणतीही नियमावली नसती तरी बालवाड्यांचे वर्ग रिकामे झालेच असते.

पावत्यांचा भाव इतका खाली गेला की २०२२ मध्ये चार समभागांची मिळून एक पावती अशी नवी जुळणी करावी लागली. त्यानंतर कंपनीचा गुरुत्वमध्य चीनमधून इंग्लंडकडे सरकत गेला आणि २०२५ मध्ये ती शेअर बाजारातून काढून पुन्हा खासगी करण्याचा प्रस्ताव पुढे आला. मेपल लीफनेही परदेशाची वाट आधीच धरली होती. २०२० मध्ये त्यांनी सिंगापूरमधील कॅनेडियन इंटरनॅशनल स्कूल ६८ कोटी सिंगापूर डॉलरना घेतले.

कंट्री गार्डनच्या कर्जसंकटाचा याच्याशी संबंध आहे का?

थेट नाही. कंट्री गार्डन २०२३ मध्ये परदेशी कर्जरोख्यांची देणी चुकवू शकली नाही, तर शाळा-समूहाची घसरण त्याच्या दोन वर्षे आधी, निराळ्या कारणाने झाली होती. पण नव्या वसाहतींबरोबर नव्या शाळा हे वाढीचे जुने इंजिन त्यामुळे कायमचे थांबले. याच कुटुंबाने २००२ मध्ये बेइजिआव येथे ग्वोहुआ स्मारक विद्यालय सुरू केले आणि गरीब पण गुणी मुलांचे शिक्षण, निवास व जेवण तेथे पूर्ण मोफत ठेवले, ही नोंदही येथे करायला हवी. शाळेविषयीच्या त्यांच्या भावनेला केवळ धंदा म्हणणे अन्यायाचे होईल.

महाराष्ट्रातील वाचकाला यातून काय पाहता येईल?

आपल्याकडेही मान्यताप्राप्त शाळा सामान्यतः विश्वस्त संस्था, नोंदणीकृत सोसायटी किंवा नफा न वाटणारी कंपनी यांच्यामार्फतच चालते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी.एम.ए. पै प्रतिष्ठान खटल्यात वाजवी शिल्लक आणि नफेखोरी यांत फरक केला आहे. आपल्याकडील काही शाळा-साखळ्यांमध्येही शाळा ट्रस्टची असते. इमारत, बोधचिन्ह, अभ्यासक्रम आणि व्यवस्थापन मात्र एका कंपनीचे असते आणि ट्रस्ट तिला भाडे व सेवाशुल्क देतो. ही रचना बेकायदा आहे असे मला सुचवायचे नाही. ती कराराची रचना आहे, एवढेच पालकाला आणि गुंतवणूकदाराला ठाऊक असावे.

म्हणून एखाद्या शाळा-साखळीत मुलाला किंवा पैशाला घालण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. शाळेची मान्यता कोणाच्या नावावर आहे? जमीन कोणाची आहे आणि भाडेकरार किती वर्षांचा आहे? कंपनी आणि ट्रस्ट यांचे चालक एकच आहेत का, आणि त्यांच्यातला करार संपला तर वर्ग चालू ठेवण्याइतकी रक्कम ट्रस्टकडे आहे का? आपल्या राज्यातील विश्वस्त संस्थांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे आणि कंपन्यांचे ताळेबंद कंपनी निबंधकांकडे सादर होतात. दोन्ही समोर ठेवून वाचले, तर एकातून जाणारी रक्कम दुसऱ्यात कोणत्या नावाने उतरते ते सापडते.